झाकलेल्या मुठीतला माणूस

प्रसिद्ध कलावंताच्या लपवलेल्या समलिंगी नात्यावर चित्रपट आला की दोन प्रतिक्रिया हमखास कानावर येतात. एक, "अच्छा, म्हणजे तो तसा होता तर!" दुसरी जरा सभ्य, "कलावंताची कला पाहावी, त्याच्या झोपायच्या खोलीत कशाला डोकवायचे?" पहिलीत चघळण्याची हौस आहे, दुसरीत मर्यादेची जाण आहे. तरीही मला दोन्ही सारख्याच उथळ वाटतात, कारण दोन्हींची नजर एकाच माणसावर खिळलेली असते. नाते म्हटले की माणसे दोन आली. त्यातल्या दुसऱ्याचे काय झाले, हा प्रश्न दोन्हीकडे कुणाच्या मनालाही शिवत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: गुपित दोघांचे असते, पण ते वाचवते एकालाच. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती मुठीच्या मालकाला. त्या मुठीत जो आवळला गेला तो या हिशेबात कुठेच नसतो. म्हणून अशा चरित्रपटाचे मोल त्याने ताऱ्याबद्दल काय उघड केले यावर ठरवू नये. त्या दुसऱ्या माणसाला त्याने कुठे उभे केले यावर ठरवावे.

हे मी मुख्यतः एका चित्रपटाच्या आधाराने मांडतो. स्टीव्हन सोडरबर्गचा 'बिहाइंड द कॅन्डेलाब्रा' हा चित्रपट २०१३ साली आला. अमेरिकी पियानोवादक लिबराची आणि त्याच्याबरोबर सुमारे पाच वर्षे राहिलेला तरुण स्कॉट थॉर्सन यांची ही गोष्ट. मायकेल डग्लस लिबराची झाला आहे आणि मॅट डेमन स्कॉट.

१. गुपित हे एकट्याचे काम नसते

लपवाछपवी म्हटली की डोळ्यांपुढे एकटा, घाबरलेला माणूस येतो. लिबराचीच्या बाबतीत हे चित्र टिकत नाही. १९१९ साली विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेला हा वादक १९५०च्या दशकात टीव्हीमुळे अमेरिकेच्या घराघरांत पोचला. पियानोवर मेणबत्त्यांचे शमादान, अंगावर झगमगते झगे, बोटाबोटांत अंगठ्या आणि ओठांवर सदा आईचे कौतुक. १९५५ साली लास व्हेगासच्या रिव्हिएरा हॉटेलने त्याला आठवड्याला ५०,००० डॉलर मोजले. त्याच्या चाहत्यांत मध्यमवयीन गृहिणींचा भरणा होता आणि 'आईचा गुणी मुलगा' ही प्रतिमा हेच त्याचे भांडवल होते.

१९५६ मध्ये लंडनच्या 'डेली मिरर'मध्ये विल्यम कॉनर या स्तंभलेखकाने 'कॅसॅन्ड्रा' या टोपणनावाने त्याचे असे वर्णन केले की वाचणाऱ्याला रोख बरोबर कळावा. लिबराचीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९५९ मध्ये लंडनच्या न्यायालयात उभे राहून त्याने शपथेवर सांगितले की आपण समलिंगी नाही. तो खटला जिंकला आणि त्याला ८,००० पौंड भरपाई मिळाली. त्याआधी अमेरिकेतल्या 'कॉन्फिडेन्शियल' मासिकानेही अशाच मजकुराबद्दल तडजोड म्हणून त्याला ४०,००० डॉलर दिले होते.

शपथेवर खोटे बोलणे हा दोषच. पण तो काळही पाहायला हवा. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध तेव्हा गुन्हा होते. ते गुन्ह्यांच्या यादीतून काढावेत अशी शिफारस वुल्फेन्डन समितीने १९५७ मध्ये केली होती, पण कायदा बदलायला १९६७ उजाडले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १९५३च्या आदेशाने समलिंगी माणसांना केंद्र सरकारच्या नोकरीचे दार बंद केले होते. खरे बोलला असता तर लिबराचीची कारकीर्द त्याच दिवशी संपली असती.

आता या खोट्याला किती हात लागले ते मोजा. वकील, मॅनेजर, प्रसिद्धीची माणसे, घरातले नोकर, कळूनही न छापणारे पत्रकार आणि दिसूनही न पाहणारे प्रेक्षक. १९८७च्या जानेवारीत त्याच्या आजाराच्या बातम्या आल्या, तेव्हा कलिंगडाच्या आहाराने अशक्तपणा आल्याचा खुलासा करण्यात आला. ४ फेब्रुवारीला तो पाम स्प्रिंग्जच्या घरी वारला. त्याच्या डॉक्टरने दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे कारण लिहिले. रिव्हरसाइड परगण्याच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, ते मान्य केले नाही, शवविच्छेदन करवले आणि एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने मृत्यू आल्याचे जाहीर केले. माणूस गेला तरी त्याचे गुपित राखणारे कामावर हजरच होते. म्हणजे ही केवळ एका भित्र्या माणसाची चुप्पी नव्हती. ती पगारी माणसांवर, सवयींवर आणि कायद्याच्या धाकावर चाललेली व्यवस्था होती. व्यवस्था म्हटली की फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा, हे विचारावेच लागते.

२. नात्याला हुद्द्याचे नाव

या व्यवस्थेपुढची पहिली अडचण अगदी व्यावहारिक असते. हा माणूस घरात का राहतो, हे लोकांना काय म्हणून सांगायचे? उत्तर सगळीकडे एकच सापडते: त्याला नोकर म्हणायचे.

थॉर्सन १९७७ मध्ये लिबराचीच्या घरी आला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि लिबराची अठ्ठावन्नचा. थॉर्सनचे बालपण पालक-कुटुंबांमध्ये, या घरातून त्या घरात गेले होते. इथे त्याला ड्रायव्हर आणि सोबती म्हणून पगारावर ठेवले गेले. चित्रपटातला एक प्रसंग या संदर्भात नीट पाहण्यासारखा आहे. रंगमंचावर रोल्स-रॉइस येते. चकाकत्या गणवेशातला स्कॉट ती चालवत असतो. तो उतरतो, अदबीने दार उघडतो, लिबराची खाली उतरतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. ज्या दोन माणसांनी सकाळी एका टेबलावर नाश्ता केला ती भर सभागृहासमोर शेजारी उभी आहेत आणि प्रेक्षकांना दिसतात ते मालक आणि ड्रायव्हर. नाते दडवायला अंधार लागत नाही. त्याला चुकीचे नाव दिले की भर प्रकाशातही ते दिसेनासे होते.

हे एकट्या लिबराचीचे तंत्र नव्हते. लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या अखेरच्या वर्षांचा जोडीदार जिम हटन हा मूळचा केशकर्तनकार. लंडनच्या गार्डन लॉज या घरात तो मर्क्युरीबरोबर राहिला, शेवटच्या आजारपणात त्याने त्याची शुश्रूषा केली. बाहेरच्यांसाठी तो घरचा माळी होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी वारला. मृत्युपत्रात हटनसाठी ५ लाख पौंड होते, पण घर त्याच्या नावे नव्हते आणि ते त्याला सोडावे लागले.

इकडे ड्रायव्हर, तिकडे माळी. अशा हुद्द्याने केवळ लोकांची तोंडे बंद होतात असे नाही. त्यातून अधिकार ठरतात. जोडीदाराशी भांडण होते, नोकराला काढून टाकता येते. जोडीदार दवाखान्यात हट्टाने पलंगाशेजारी बसतो, नोकराला बाहेर थांबायला सांगता येते. सोडरबर्गने हे फार नेमकेपणाने दाखवले आहे. स्कॉट पहिल्यांदा त्या घरात जेवायला येतो तेव्हा टेबलावर एक तरुण मान खाली घालून, तोंड फुगवून जेवत असतो. तो आधीचा 'सोबती'. पुढे स्कॉट त्याच घुश्शात त्याच ताटापुढे बसतो आणि नवा पोरगा समोर येतो. माणसे बदलतात, हुद्दा तसाच राहतो. लग्नातही माणसे सोडून जातात. पण तिथे निदान सोडून जावे लागते, इथे नुसते 'कामावरून कमी' करता येते.

३. स्वतःचा चेहराही उरत नाही

नाव गेले की पुढचा क्रमांक माणसाच्या वेगळेपणाचा. चित्रपटाच्या मध्यावर लिबराची टीव्हीवर स्वतःला पाहतो आणि आपण म्हातारे दिसतो या जाणिवेने हादरतो. प्लास्टिक सर्जन येतो. लिबराचीच्या चेहऱ्याचे बोलणे आटोपते आणि मग तो भिंतीवरच्या आपल्या तरुणपणीच्या तैलचित्राकडे बोट दाखवून सांगतो, स्कॉटला असा करा. हा पटकथाकाराच्या कल्पनेचा खेळ नाही. थॉर्सनने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही शस्त्रक्रिया आहे, आणि चित्रपट त्याच पुस्तकावर बेतलेला आहे. स्कॉट नकार देत नाही. हनुवटीला एक खळी हवी, एवढेच तो मागतो. मग वजन उतरवण्यासाठी गोळ्या सुरू होतात आणि त्या गोळ्यांतून व्यसन.

या प्रसंगाकडे श्रीमंताचा विकृत छंद म्हणून पाहून पुढे जाता येते. मला तो लपवलेल्या नात्याच्या तर्काचा शेवटचा टप्पा वाटतो. चारचौघांत ज्याची ओळख करून देता येत नाही, ज्याच्याबरोबरचा फोटो भिंतीवर लावता येत नाही, त्याच्याशी असलेले नाते जगापुढे कशानेच सिद्ध होत नाही. मग लिबराची रक्ताच्या नात्याचा आभास उभा करू पाहतो. चेहऱ्यात साम्य, आणि जोडीला दत्तक घेण्याचे वचन.

दत्तकाची कल्पना ऐकून आज अंगावर काटा येतो, पण तिच्यामागे एक वास्तव होते. दोन पुरुषांना कायद्याने एकमेकांचे कुणीतरी होण्याचा तो जवळजवळ एकच मार्ग होता. १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाचे संयोजक बायर्ड रस्टिन यांनी १९८२ मध्ये आपले जोडीदार वॉल्टर नेगल यांना याच कारणासाठी दत्तक घेतले होते. रस्टिन यांनी ते जोडीदाराच्या रक्षणासाठी केले आणि खरोखर करून दाखवले. लिबराचीने नुसते वचन दिले. दोन माणसांच्या स्वभावांतला हा फरक आहे, तो मी नाकारत नाही. पण प्रेमाला दत्तकपत्राचा आडोसा शोधावा लागला, ही परिस्थिती दोघांचीही एकच होती.

४. कायद्यापुढे उरतो तो 'माजी नोकर'

१९८२ मध्ये नाते तुटले. लिबराचीच्या माणसांनी थॉर्सनला राहत्या घरातून बाहेर काढले. त्याने ११.३ कोटी डॉलरचा दावा ठोकला. लिबराचीची बाजू काय होती? हा एक नाराज माजी नोकर आहे, त्याला कामावरून काढले आहे. पाच वर्षांपूर्वी समाजाला दाखवण्यासाठी घेतलेले नाव आता न्यायालयात पुराव्यासारखे वापरले गेले. हा योगायोग नव्हता, ते नाव पहिल्यापासून अशा वेळेसाठीच सोयीचे होते.

त्याच कॅलिफोर्नियात १९७६ साली अभिनेता ली मार्विन याच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व घालून दिले होते. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांमध्ये काही करार झाला असेल तर तो न्यायालयात लागू करून घेता येईल. मार्विनची सोबतीण मिशेल ट्रायोला हिच्या हाती शेवटी काही पडले नाही, पण तत्त्व टिकले आणि अशा सोबत्याच्या पोटगीसाठी 'पॅलिमनी' हा शब्द रूढ झाला. थॉर्सनने त्याच वाटेने जायचा प्रयत्न केला. १९८४ मध्ये न्यायालयाने त्याच्या दाव्यातला हा मुख्य भाग फेटाळला. १९८६ मध्ये बाहेरच तडजोड झाली: ७५,००० डॉलर रोख, तीन मोटारी आणि तीन कुत्रे. सगळे मिळून सुमारे ९५,००० डॉलर.

आता याच्याशेजारी दुसरे प्रकरण ठेवून पाहू. एडिथ विंडसर आणि थिया स्पायर या दोन स्त्रिया न्यूयॉर्कमध्ये चाळीसहून अधिक वर्षे एकत्र राहिल्या. १९६७ मध्ये स्पायरने विंडसरला मागणी घातली ती हिऱ्यांचा ब्रोच देऊन, कारण बोटात अंगठी दिसली असती तर ऑफिसात प्रश्न आले असते. त्यांनी २००७ मध्ये कॅनडात लग्न केले. २००९ मध्ये स्पायर वारली आणि सरकारने विंडसरकडून ३,६३,०५३ डॉलर वारसा कर मागितला, कारण केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ती स्पायरची कुणीच नव्हती. २६ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. 'बिहाइंड द कॅन्डेलाब्रा' टीव्हीवर दाखवला गेला होता त्याच्या बरोबर महिनाभर आधी, २६ मे रोजी.

विंडसर आणि थॉर्सन यांच्यात स्वभाव, वय, प्रामाणिकपणा असे हजार फरक असतील. पण निकालाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक एकच. विंडसरकडे नात्याचा कागद होता, थॉर्सनकडे पगाराचा. न्यायालय कागद वाचते, आणि तो कोणत्या नावाने लिहिला जाईल हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

५. कॅमेरा कुणाच्या बाजूने

या पार्श्वभूमीवर चित्रपटांचे मूल्यमापन करता येते. सोडरबर्गचा पहिला मोठा निर्णय म्हणजे त्याने गोष्ट स्कॉटच्या नजरेतून सांगितली. लिबराचीचे बालपण, सुरुवातीचे कष्ट, टीव्हीवरचे यश, तारा घडवणारा नेहमीचा सगळा मसाला त्याने वगळला. स्कॉटची लिबराचीशी गाठ पडते तिथे गोष्ट सुरू होते आणि लिबराचीच्या अंत्यविधीला स्कॉट बसलेला असतो तिथे संपते. संगीत भरपूर आहे, पण ते स्कॉट ऐकतो म्हणून आपल्यालाही ऐकू येते.

याची किंमत दिग्दर्शकाला चुकवावी लागली. हा विषय फारच समलिंगी आहे असे सांगून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी पैसे नाकारल्याचे सोडरबर्गने उघडपणे सांगितले. शेवटी एचबीओ या वाहिनीने तो टीव्हीसाठी काढला. कान महोत्सवात तो स्पर्धेत होता, डग्लसला एमी पुरस्कार मिळाला, पण ऑस्करच्या शर्यतीत तो उतरूच शकला नाही. १९५५च्या व्हेगासला जे परवडत नव्हते ते २०१२च्या हॉलिवूडलाही परवडत नव्हते.

याउलट मर्क्युरीवरचा 'बोहेमियन रॅप्सडी' (२०१८). गाणी उत्तम, रामी मालेकचा अभिनय उत्तम, धंदा तर प्रचंड. पण जिम हटनचे त्यात काय झाले? चित्रपटात तो मर्क्युरीच्या घरच्या मेजवानीत वाढप्याचे काम करताना भेटतो. प्रत्यक्षात दोघांची भेट क्लबमध्ये झाली आणि हटन सॅव्हॉय हॉटेलात केस कापत असे. जिवंतपणी ज्याला माळ्याच्या नावाखाली झाकले त्याला मेल्यावर पडद्याने पुन्हा नोकराच्या पोशाखात उभे केले. अखेरीस पाटीवर दोघे शेवटपर्यंत एकत्र राहिल्याचे सांगितले जाते. पाच-सहा वर्षांच्या सहजीवनाला आणि शुश्रूषेला एक पाटी, हा हिशेब मला मान्य नाही.

आपल्याकडचे उदाहरण हंसल मेहता यांच्या 'अलिगढ'चे. प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरास हे मराठीचे अध्यापक आणि मराठी कवी. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात ते आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली, विद्यापीठाने त्यांना निलंबित केले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिलमध्ये, ते खोलीत मृत आढळले. सिरास तारा नव्हते. तरीही या लेखाच्या प्रश्नाशी त्यांची गोष्ट थेट भिडते, कारण त्या रात्री खोलीत दुसराही एक माणूस होता, रिक्षा ओढणारा. मनोज वाजपेयींनी सिरासांचे एकटेपण, ग्लास हातात धरून लताबाईंच्या गाण्यात बुडून जाणे, विलक्षण संयमाने उभे केले आहे. पण सिरासांसाठी वकील आले, पत्रकार आले, पुढे चित्रपट आला. त्या दुसऱ्यासाठी यांतले काही आले नाही. चित्रपट त्याला पुसून टाकत नाही, तरी गोष्ट त्याला मागे ठेवूनच पुढे सरकते. प्राध्यापकाच्या अब्रूला निदान शब्द मिळाले. रिक्षावाल्याला अब्रू असते, हे आपल्या सहानुभूतीलाही सुचले नाही.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप: एका वयस्क, धनाढ्य माणसाने एका पोरक्या पोराला वापरले आणि फेकून दिले, एवढीच ही गोष्ट आहे. तिचा दोष समाजावर आणि कायद्यावर का ढकलता? उत्तर असे की लिबराचीची जबाबदारी मी कमी करत नाही. त्याने वचने मोडली, एका तरुणाच्या शरीरावर आणि भवितव्यावर हक्क गाजवला. अठरा आणि अठ्ठावन्न ही दरी भयावह आहे. चाळिशी ओलांडलेल्या मॅट डेमनला ती भूमिका देऊन चित्रपटाने ती दरी डोळ्यांआड केली, हा त्याचा मोठा दोष मी मानतो. पण शोषणाला हत्यार लागते. नोकराचे नाव, न्यायालयाची पाठ, बाहेर बोललास तर तुझीच छी-थू होईल ही भीती, ही सगळी हत्यारे लिबराचीला समाजाने तयार करून दिली होती. दुष्ट माणूस सगळीकडे सापडतो. त्याचे काम कुठे सोपे होते, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप: ज्याने जे जन्मभर, अगदी शपथेवरही, नाकारले ते तो गेल्यावर उकरून काढणे हा त्याच्या खाजगीपणावर घाला नव्हे का? हा आक्षेप वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने आपल्याकडेही लैंगिक कल खाजगीपणाच्या हक्कात धरला आहे, आणि सिरासांच्या घरात घुसलेला कॅमेरा हा त्या हक्काचा उघड खून होता. पण खाजगीपण आणि गुपित यांची गल्लत नको. सांगायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या हाती असते तेव्हा ते खाजगीपण. सांगितले तर सर्वस्व जाईल या धास्तीने जे दडते ते गुपित. शिवाय थॉर्सनने दुसऱ्याचे आयुष्य सांगितले नाही, स्वतःचे सांगितले. अठराव्या वर्षापासूनची पाच वर्षे, बदललेला चेहरा, लागलेले व्यसन हे त्याचेच होते. मृताच्या प्रतिष्ठेसाठी जिवंत माणसाने आपले आयुष्य घडलेच नाही असे वागावे, ही मागणी कोणत्या न्यायाची?

तिसरा आक्षेप: थॉर्सन हा विश्वासार्ह साक्षीदार नाही. मान्य. त्याला पैशांची गरज होती, मनात राग होता आणि २०२४ मध्ये मरेपर्यंतचे त्याचे पुढचे आयुष्य व्यसने आणि तुरुंगवाऱ्यांत गेले. त्याचा प्रत्येक संवाद खरा मानायचे कारण नाही. पण त्याच्याखेरीज दुसरा साक्षीदार का उरला नाही, हेही विचारा. दुसऱ्या माणसाची पत्रे जपली जात नाहीत, फोटोंतून तो कापला जातो, मृत्युलेखात त्याचा उल्लेख नसतो, आणि शेवटी त्याच्या शब्दाखेरीज पुरावा नाही म्हणून त्याचा शब्दही उडवून लावला जातो. त्याची साक्ष तपासून घ्यावी. तिला दारातच अडवू नये.

चौथा आक्षेप समलिंगी चळवळीच्या मित्रांकडूनच येतो: असे चित्रपट या नात्यांची बदनामी करतात, लोकांना भोग, भपका आणि फसवणूकच दिसते. मला उलट वाटते. या चित्रपटात नवरा-बायकोच्या संसारात असते ते सारे आहे. टबात बसून केलेल्या गप्पा, खाण्यावरून कुरबुर, कुत्र्यांचे लाड, वजनावरून टोमणे, आजाऱ्याच्या उशाशी झालेली शेवटची भेट. समलिंगी माणसांना फक्त हुतात्मे म्हणून दाखवले तर लोक हळहळतील, पण बरोबरीचे मानणार नाहीत. बरोबरीत भांडण्याचा, चुकण्याचा, वाईट जोडीदार निवडण्याचाही हक्क येतो. त्या चुकीनंतर इतरांना जो न्याय मिळतो तो यांनाही मिळावा, एवढेच मागणे आहे.

७. आपल्या दारातला प्रश्न

हे सगळे अमेरिकेचे, जुने, असे म्हणून सुटका होणार नाही. २०१० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेलुसामी खटल्यात मार्विन प्रकरणाचाच दाखला देऊन विवाहसदृश नात्याची चर्चा केली, आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या स्त्रीला काही संरक्षण दिले आहे. पुरुष-पुरुष किंवा स्त्री-स्त्री जोडप्यातल्या दुबळ्या बाजूला यातला काही आधार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज जोहर निकालाने त्यांचे प्रेम गुन्ह्यांच्या यादीतून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो निकालात घटनापीठाने विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला आणि बहुमताने नागरी संयोगाची मान्यताही नाकारली. ऑगस्ट २०२४ पासून केंद्र सरकारच्या सूचनांमुळे समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडता येते, जोडीदाराला नॉमिनी करता येते, एका शिधापत्रिकेवर राहता येते. ही सुरुवात चांगलीच आहे. पण खाते आणि शिधापत्रिका म्हणजे वारसा नव्हे, पोटगी नव्हे, आणि भाडेकरार एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याचे छप्परही नव्हे.

प्रेम गुन्हा राहिलेले नाही, पण नात्याला अजून नाव नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत कितीतरी जोडपी घरमालकाला 'रूममेट' आणि घरच्यांना 'मित्र' म्हणून सांगत राहतात. त्यातला जो अधिक कमावतो, ज्याच्या नावावर घर आहे, ज्याच्या पाठीशी कुटुंब आहे, त्याला हे नाव सोयीचे पडते. दुसऱ्याचे सारे त्याच्या चांगुलपणावर अवलंबून असते. लिबराचीच्या बंगल्यात हेच होते, फक्त झुंबरे मोठी होती.

म्हणून चित्रपट करणाऱ्यांना सांगणे आहे: ताऱ्याचे गुपित फोडणे आता कुणीही करील, त्या घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या हुद्द्याने पडद्यावर आणा. पाहणाऱ्यांना सांगणे आहे: 'तो तसा होता का' हे विचारणे सोडा आणि त्याच्याबरोबर कोण होते, त्याला काय म्हणून ठेवले होते, नाते संपल्यावर त्याच्या हाती काय आले, हे विचारा. आणि कायदा करणाऱ्यांकडे मागणी एकच आहे: लग्न म्हणा, नागरी संयोग म्हणा, पण एका छपराखाली आयुष्य काढणाऱ्या दोन माणसांच्या नात्याची नोंद होईल अशी तरतूद करा. ती होत नाही तोवर अशा प्रत्येक घरात एक जण मालक आणि एक जण आश्रित राहणार, आणि याला जबाबदार आपण सगळे असणार.